क्वांटम यांत्रिकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले बीएस्सीचे विद्यार्थी, त्यांना प्रॅक्टिकल शिकवणारे शिक्षक आणि घरी हात काळे करणारे हौशी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. जिथे आकडा देता येतो तिथे दिला आहे, कारण या विषयात आकड्याशिवायचं बोलणं फार लवकर हवेत जातं.

क्वांटम म्हणजे नेमकं काय?

मीठ घातलेली डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणात पिवळी होते. सुरुवात तिथून करू. मिठातल्या सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ज्योतीची उष्णता वरच्या पायरीवर चढवते आणि खाली उतरताना तो ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतो. या दोन पायऱ्यांमधलं अंतर २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे इलेक्ट्रॉनला १ व्होल्टमधून जाताना मिळणारी ऊर्जा). त्यांच्यामध्ये १.९ किंवा २.०५ ची पायरी नाही. इलेक्ट्रॉन जिन्याने चढतो, उतारावरून घसरत नाही. ऊर्जेची ही सुटी नाणी म्हणजे क्वांटम, मराठी पाठ्यपुस्तकांतला 'पुंज'.

ऊर्जा अशी सुट्या पुंजांत घेतली-दिली जाते, हे गृहीतक माक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये बर्लिनमध्ये मांडलं. एका पुंजाची ऊर्जा म्हणजे प्रकाशाची वारंवारता गुणिले प्लांकचा स्थिरांक. रोजच्या हिशेबाला एकच सूत्र लक्षात ठेवा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका पुंजाची, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. १२४० भागिले ५८९, उत्तर २.१.

(शेगडीच्या बर्नरची हवेची वाट तुंबली तरी ज्योत पिवळी होते. ती काजळी. भांड्याचं बूड काळं झालं तर क्वांटमला दोष न देता बर्नर साफ करा.)

'पुंज यांत्रिकी' म्हणायचं की 'क्वांटम मेकॅनिक्स'?

उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकातला शब्द लिहा, बोलताना काहीही म्हणा. मात्र 'व्यतिकरण' (लाटा एकमेकींत मिसळणं) आणि 'विवर्तन' (फटीतून किंवा कडेवरून लाट पसरणं) यांत घोळ घालू नका, तोंडी परीक्षेत गुण तिथे जातात.

सगळीकडे क्वांटमचेच नियम असतील, तर चेंडू भिंतीतून आरपार का जात नाही?

प्रत्येक वस्तूची तरंगलांबी काढता येते: प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). हे सूत्र लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये दिलं. शिवाजी पार्कवर १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने येत असेल, तर त्याची तरंगलांबी येते साधारण १० चा उणे ३४ वा घात मीटर. अणूचा आकार १० चा उणे १० वा घात. म्हणजे चेंडूची लाट अणूपेक्षा २४ शून्यांनी लहान, आणि ती दाखवू शकेल अशी फट जगात नाही. उलट १०० व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.१२३ नॅनोमीटर, जवळजवळ स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराएवढी. म्हणून १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांना निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉनांचं विवर्तन दिसलं. त्यांचा व्होल्टेज ५४ होता आणि तरंगलांबी ०.१६७ नॅनोमीटर.

प्लांकचा स्थिरांक घरी मोजता येतो का?

येतो, आणि बऱ्यापैकी येतो. सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं आणि मल्टिमीटर सोडला तर खर्च किरकोळ आहे. पाच मिलिमीटरचे लाल, अंबर, हिरवा आणि निळा एलईडी घ्या. दुकानात 'वॉटर क्लियर' म्हणून मागा, म्हणजे रंग प्लॅस्टिकचा नसून आतल्या चिपचा असेल. सोबत १० किलोओहमचा एक रेझिस्टर, ५ किलोओहमचा लिनियर पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा पोटेन्शिओमीटर), ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड. पांढरा आणि गुलाबी एलईडी घेऊ नका. पांढऱ्याच्या आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर असतं, गुलाबीचीही गत तशीच, त्यामुळे आलेखात कुठली तरंगलांबी मांडायची हेच ठरत नाही.

१. बॅटरीची दोन टोकं पॉटच्या बाहेरच्या दोन पायांना जोडा. मधल्या पायाला रेझिस्टर, रेझिस्टरच्या पुढे एलईडीचा लांब पाय. आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला.

२. मीटर रेझिस्टरवर लावा. पॉट हळूहळू फिरवत ०.५० व्होल्टवर आणा. १० किलोओहमवर ०.५ व्होल्ट म्हणजे ५० मायक्रोअँपिअर प्रवाह. एलईडी मंद पेटलेला दिसेल.

३. पॉटला हात न लावता मीटर एलईडीच्या पायांवर न्या आणि व्होल्टेज लिहा.

४. प्रत्येक रंगासाठी प्रवाह पुन्हा ५० मायक्रोअँपिअरवरच आणून हेच करा. प्रत्येकी तीन वाचनं.

५. आडव्या अक्षावर वारंवारता टेराहर्ट्झमध्ये घ्या: ३ लाख भागिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी. उभ्या अक्षावर व्होल्टेज. सर्व बिंदूंमधून उत्तम बसणारी सरळ रेषा काढा.

रेषेचा चढ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार. त्याचं खरं मूल्य दर टेराहर्ट्झला ४.१३६ मिलिव्होल्ट. या एककात काम केलं की उणे चौतिसाव्या घाताचा गोंधळ टळतो. समजा ६३० नॅनोमीटरच्या लालचं व्होल्टेज १.६५ आलं आणि ४७० च्या निळ्याचं २.३८. वारंवारता ४७६ आणि ६३८ टेराहर्ट्झ, फरक १६२. व्होल्टेजचा फरक ०.७३. चढ ४.५, म्हणजे खऱ्यापेक्षा नऊ टक्के जास्त. या सामानात पाच ते पंधरा टक्के चूक ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. ०.१ टक्का चूक लिहिलेली जर्नल मात्र परीक्षक संशयाने पाहतात, आणि योग्यच करतात.

एकाच एलईडीवरून काढलेलं उत्तर पंधरा-सोळा टक्के कमी का येतं?

कारण ५० मायक्रोअँपिअरला मिळणारं व्होल्टेज म्हणजे फोटॉनची पूर्ण ऊर्जा नव्हे. वरच्या उदाहरणात लाल फोटॉनची ऊर्जा १.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि व्होल्टेज १.६५. उरलेली तूट खोलीतली उष्णता भरून काढते: चिपमधल्या काही इलेक्ट्रॉनांकडे सरासरीहून जास्त औष्णिक ऊर्जा असते आणि थोडासा प्रवाह वाहायला तेवढे पुरतात. ही तूट सर्व रंगांना ढोबळमानाने सारखी असते, म्हणून चढ काढताना बरीचशी वजा होते. म्हणूनच 'एलईडी पेटला त्या क्षणीचं व्होल्टेज' ही पद्धत आम्हाला पसंत नाही. पेटला की नाही हे डोळा ठरवतो, आणि डोळा हिरव्याला जितका तिखट असतो तितका गडद लालला नसतो.

बाकी चुका ठरलेल्याच. पाकिटावर 'हिरवा' लिहिलेला जुन्या पद्धतीचा पोपटी एलईडी ५६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, नवा पाचूसारखा हिरवा ५२५ च्या. दोन्हींना ५२५ धरलं की रेषा मोडते. तरंगलांबी दुकानदाराला विचारण्यापेक्षा ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची पट्टी) किंवा जुन्या सीडीने मोजा: सीडीच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. एलईडी आधी पूर्ण उजेडात दहा मिनिटं पेटवून ठेवला असेल तर तो गरम असतो आणि दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने व्होल्टेज उतरतं, त्यामुळे मोजण्याआधी थंड होऊ द्या. स्वस्त मीटरचा स्वतःचा रोध १ मेगाओहम असतो, म्हणजे एलईडीवर लावल्यावर तोच दोन मायक्रोअँपिअर पितो. ५० मध्ये दोन चालतात. प्रवाह ५ मायक्रोअँपिअरवर ठेवलात तर चालणार नाहीत.

कॉलेजातला प्रकाशविद्युत परिणामाचा प्रयोग जुलैमध्ये हमखास का बिघडतो?

दमटपणा. या प्रयोगात फोटोट्यूबमधल्या धातूवर प्रकाश पडून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजायचा असतो. फोटोट्यूबच्या बुडाशी किंवा सॉकेटवर ओलाव्याचा अदृश्य थर बसला आणि त्याचा रोध १ गिगाओहमवर आला, की १ व्होल्टला थेट १ नॅनोअँपिअर प्रवाह काचेवरून सरकत जातो. मीटर बिचारा तोही मोजतो. खरा प्रकाशविद्युत प्रवाह त्याच पट्टीतला असल्याने थांबवणारं व्होल्टेज, म्हणजे हा प्रवाह शून्यावर आणणारं उलटं व्होल्टेज, कुठे आहे हेच कळेनासं होतं.

ओळखायचं कसं? झाकण बंद करा, प्रकाश शून्य. आता व्होल्टेज बदला. प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत असेल तर ती गळती आहे. उपाय: सॉकेट आणि काचेचं बूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोऱ्या कापडाने पुसा, काचेला बोटं लावू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की भाजून पुन्हा वापरा. कपाटात रात्रभर ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब पेटता ठेवण्याची युक्ती जुनी आहे, पण मुंबईच्या पावसाळ्यात तिला तोड नाही. लेन्स आणि ग्रेटिंगवरची बुरशीही तिनेच रोखली जाते. एवढं करूनही गळती उरली तर प्रत्येक व्होल्टेजला झाकण बंद ठेवून वाचन घ्या आणि उघड्या वाचनातून वजा करा.

आता पावसाशी संबंध नसलेल्या भानगडी. पाऱ्याच्या दिव्याला स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या. त्याच्या उपयोगी रेषा ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या. पिवळ्या फिल्टरला थांबवणारं व्होल्टेज हिरव्याएवढंच आलं, तर फिल्टरमधून हिरवा प्रकाश डोकावतोय किंवा ट्यूबलाइट चालू आहे. थांबवणारं व्होल्टेज नेहमी सर्वांत ऊर्जावान फोटॉन ठरवतो, मग तो कितीही थोडा असो. आणि व्होल्टेज आणखी उणे केल्यावर प्रवाह शून्यावर न थांबता उलट दिशेने गेला तर घाबरू नका: इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या ॲनोडवरही प्रकाश पडतो आणि तोही इलेक्ट्रॉन सोडतो. अशा वेळी शून्य ओलांडण्याचा बिंदू न घेता वक्र जिथून वळू लागतो तो बिंदू घ्या, आणि सर्व फिल्टरांना एकच निकष लावा.

प्रकाश दुप्पट तेजस्वी केला तर प्रवाह दुप्पट होतो, थांबवणारं व्होल्टेज जागचं हलत नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितलेली गोष्ट हीच, आणि १९२१ चं त्यांचं नोबेल याच कामासाठी होतं, सापेक्षतेसाठी नव्हे.

लेझरसमोर केस धरला की भिंतीवर पट्टे दिसतात. हा क्वांटम प्रयोग झाला का?

अर्धा. ६५० नॅनोमीटरचा लाल पॉइंटर, ७० मायक्रोमीटरचा केस आणि तीन मीटरवर भिंत असेल तर काळे पट्टे साधारण २८ मिलिमीटरवर येतात, आणि त्यावरून केसाची जाडी काढता येते. पण यासाठी प्रकाश लाट आहे एवढं पुरेसं आहे, ते एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. १ मिलिवॉटच्या पॉइंटरमधून सेकंदाला ३३ लाख अब्ज फोटॉन सुटतात आणि तीन मीटरच्या वाटेवर कोणत्याही क्षणी त्यातले तीन कोटींहून जास्त असतात. या गर्दीत एकट्या फोटॉनचं वागणं दिसणार कसं?

खरी गंमत प्रकाश इतका मंद केल्यावर होते, की वाटेत एका वेळी सरासरी एकाहून कमी फोटॉन असतो. १९०९ मध्ये जी. आय. टेलर यांनी सुईच्या सावलीचा फोटो अशा मंद प्रकाशात घेतला. सर्वांत लांब एक्स्पोजर सुमारे तीन महिन्यांचं होतं आणि पट्टे तरीही तसेच आले. १९८९ मध्ये जपानात टोनोमुरा यांच्या गटाने एकेक इलेक्ट्रॉन सोडून हेच दाखवलं: पडद्यावर आधी विस्कळीत ठिपके, हजारो जमल्यावर त्यांतून पट्टे.

स्वस्त हिरव्या पॉइंटरपासून सावध राहा. त्याच्या आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो १०६४ तयार करवतो आणि त्याचा अर्धा म्हणजे ५३२ चा हिरवा. आत फिल्टर नसला तर न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर येतो आणि डोळा मिटत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही.

फोटॉन 'संभाव्यतेने' वागतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर?

ध्रुवकांचे, म्हणजे पोलरायझरचे, तीन तुकडे घ्या. हा आमचा सर्वांत आवडता प्रयोग आहे आणि खर्च जवळजवळ शून्य. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा, तोच पहिला ध्रुवक. त्याच्यासमोर पोलराइज्ड गॉगलची काच धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो. तिथेच थांबा आणि पडदा व गॉगल यांच्या मध्ये आणखी एक ध्रुवक ४५ अंशांत सरकवा. काळोखात प्रकाश परत येतो. अडथळा वाढवला आणि उजेड वाढला!

हिशेब असा. ध्रुवकाच्या दिशेशी फोटॉनच्या कंपनाच्या दिशेचा कोन जितका, त्याच्या कोसाइनचा वर्ग ही फोटॉन पार होण्याची संभाव्यता. ९० अंशांना शून्य. ४५ ला निम्मी, आणि पार झालेला फोटॉन जुनी दिशा विसरून ४५ अंशांचा होऊन बाहेर पडतो. पुढच्या ध्रुवकाशी त्याचा कोन पुन्हा ४५, पुन्हा निम्मी. निम्म्याची निम्मी, म्हणजे एक चतुर्थांश. फिल्म स्वतः थोडा प्रकाश खाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी दिसतो. मोजमाप म्हणजे आधीपासून असलेली गोष्ट वाचणं नव्हे, मोजमापाने अवस्था बदलते, ही क्वांटम यांत्रिकीची गाभ्याची गोष्ट इथे हातात धरता येते. अर्थात इतक्या भरपूर प्रकाशात लाटेचं जुनं गणितही हेच उत्तर देतं. फोटॉन एकेक करून मोजले, तर प्रत्येक जण एक तर पूर्ण जातो नाही तर पूर्ण अडतो, आणि तिथे लाटेचं गणित हात टेकतं.

जमत नसेल तर कारणं बहुधा ही: तिसरा तुकडा मध्ये न धरता गॉगलच्या मागे, डोळ्याच्या बाजूला धरला. पडद्यावर प्लॅस्टिकचा गार्ड आहे, तो प्रकाशाची दिशा फिरवतो आणि रंगीत डाग दिसतात. थ्रीडी सिनेमाचा चष्मा वापरला, त्यात बहुतेक वेळा वर्तुळाकार ध्रुवक असतो आणि कोणती बाजू पुढे धरली त्यावर निकाल बदलतो. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची फिल्म काढणार असाल तर फक्त वरची घ्या, खालच्या फिल्मला परावर्तक चिकटवलेला असतो. आणि गोंद काढायला ॲसिटोन लावू नका, फिल्म खराब होते.

'निरीक्षकामुळे वास्तव बदलतं' म्हणजे माणसाच्या मनामुळे का?

नाही. वरच्या प्रयोगात 'निरीक्षक' हा प्लॅस्टिकचा तुकडा होता. फोटॉन कुठून गेला याची खूण कुठेही राहिली, मग ती डिटेक्टरमध्ये असो वा वाटेतल्या हवेच्या रेणूत, तरी केसाच्या प्रयोगातले ते पट्टे पुसले जातात. खोलीत कुणी नसलं तरी. या खुणा आपोआप पसरत जाण्याला डिकोहिरन्स म्हणतात. एकच निकाल का मिळतो याच्या अर्थावर तज्ज्ञांत आजही वाद आहेत, आकड्यांवर नाहीत.

अनिश्चितता तत्त्व म्हणजे आपली उपकरणं कच्ची आहेत, एवढंच ना?

नाही. कणाची जागा जितकी नेमकी ठरवाल तितका त्याचा वेग अनिश्चित होतो, हा निसर्गाचाच नियम आहे. इलेक्ट्रॉनला ०.१ नॅनोमीटरच्या जागेत कोंबलं की त्याच्या वेगात सेकंदाला किमान ५८० किलोमीटरची अनिश्चितता येते. ही अणूची गरज आहे: इलेक्ट्रॉन केंद्राला चिकटायला गेला की त्याची गतिज ऊर्जा भडकते, म्हणून अणू कोसळत नाही आणि तुम्ही बसलेली खुर्ची टिकते.

एन्टँगलमेंटने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येतो का?

येत नाही. एन्टँगलमेंट म्हणजे दोन कणांची अशी गुंफण, की लांब गेल्यावरही त्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळतात. आधी एक साधी गोष्ट घ्या. कोल्हापुरी चपलांच्या जोडातली एक चप्पल एका खोक्यात, दुसरी दुसऱ्यात. एक खोका चर्चगेटला, एक विरारला. चर्चगेटवाल्याने उघडून डावी पाहिली की विरारला उजवी आहे हे त्याला तत्काळ कळतं. यात निरोप गेला नाही आणि गूढही काही नाही, चपला आधीपासूनच तशा होत्या.

गुंफलेले फोटॉन चपलांसारखे आहेत का, हा प्रश्न जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मोजण्याजोगा केला. दोन्ही ठिकाणी ध्रुवक दोन-दोन कोनांत फिरवून (एकीकडे ० आणि ४५ अंश, दुसरीकडे २२.५ आणि ६७.५) निकालांची जुळणी काढायची आणि चार आकड्यांची ठरलेल्या रीतीने बेरीज करायची. उत्तर आधीच ठरलेलं असेल आणि लांबून लुडबुड होत नसेल, तर बेरीज २ च्या पुढे जाऊच शकत नाही. क्वांटमचं भाकीत २.८२८. प्रयोगांत बेरीज २ ओलांडते. १९७२ मध्ये क्लाउझर, १९८२ मध्ये आस्पे, मग त्सायलिंगर, आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टसह तीन ठिकाणी मोठ्या पळवाटा (प्रयोगावर शंका घेण्याच्या जागा) बंद करून. पहिल्या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. तरी विरारला बसलेल्याला आपल्या बाजूचे निकाल नाणेफेकीसारखे अंदाधुंदच दिसतात. जुळणी दिसते ती दोघांनी फोनवर याद्या ताडून पाहिल्यावर, आणि फोन प्रकाशाच्याच वेगाला बांधलेला आहे.

क्वांटम संदेशवहन मग सुरक्षित कसं? चर्चगेट ते विरार केबल टाकली तर?

१९८४ ची बेनेट आणि ब्रासार यांची पद्धत घ्या. गुप्त किल्लीचा एकेक अंक एकेका फोटॉनच्या दिशेत भरतात, कधी सरळ जोडीत (० आणि ९० अंश) तर कधी ४५ अंशांनी तिरक्या जोडीत. मध्ये कुणी फोटॉन पकडून, मोजून, तसाच दुसरा पुढे पाठवला, तर निम्म्या वेळा त्याचा कोनाचा अंदाज चुकतो आणि जुळवलेल्या किल्लीत २५ टक्के चुका येतात. काही अंक उघड ताडून पाहिले की चोर उघडा पडतो. फोटॉनची नक्कल काढून ठेवणंही शक्य नाही, अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही हे १९८२ मध्ये सिद्ध झालं.

याच नियमाची दुसरी बाजू म्हणजे वाटेत साधा ॲम्प्लिफायर लावता येत नाही. चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट होते. साठ किलोमीटरला १२ डेसिबल, म्हणजे शंभरातले सहा फोटॉन विरारला उतरतात. एवढ्यावर किल्ली बनते. पाचशे किलोमीटरला १०० डेसिबल, दहा अब्जांत एक. लांब पल्ल्याला मध्ये विश्वासू ठाणी लागतात किंवा उपग्रह, ते यामुळे.

रोजच्या कोणत्या वस्तूत हे वापरलं जातं?

अर्धवाहकावर चालणारं सगळंच, त्यामुळे मोबाइल, एलईडी, सोलर पॅनल यांची यादी देत बसत नाही. दोन गोष्टी जवळून पाहू.

पेनड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. त्यांच्याभोवती काही नॅनोमीटर जाडीची विद्युतरोधक भिंत असते. लिहिताना जोरदार व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून 'टनेल' करून, म्हणजे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही आरपार, आत जातात, व्होल्टेज काढलं की वर्षानुवर्षं अडकून राहतात. प्रत्येक फेरीत भिंतीत थोडे दोष साठतात आणि शेवटी ती गळू लागते. पेनड्राइव्हला लिहिण्याच्या फेऱ्यांची मर्यादा असते ती यामुळे.

एमआरआयमध्ये तुमच्या शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकं चुंबकक्षेत्रात दोन ऊर्जापातळ्यांवर विभागली जातात. १.५ टेस्लाच्या यंत्रात त्या पातळ्यांमधलं अंतर सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीएवढं. दोन पातळ्यांवरच्या संख्येतला फरक दर दहा लाखांमागे जेमतेम पाच, आणि सगळं चित्र त्या पाचांवर उभं राहतं. शरीरात पाणी मुबलक आहे म्हणून जमतं. चुंबकाची वेटोळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर असतात आणि स्कॅन नसतानाही चुंबक चालूच असतो. 'मशीन बंद आहे' असं समजून लोखंडी स्टूल आत नेऊ नका.

मुंबईत क्वांटम संगणक आहे का?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक (शून्य रोधाच्या) परिपथांच्या क्युबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या एककावर, काम चालतं. डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने या संस्थेसोबत सहा क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. क्युबिट कुलाब्यात बनले, क्लाउडवरून वापरण्याची सोय टीसीएसची. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईला आयआयटी मुंबईत आहे.

एवढी थंडी कशाला, हे नेहमी विचारलं जातं. असा क्युबिट साधारण ५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या वारंवारतेच्या पुंजाची ऊर्जा तापमानात मांडली तर केवळ ०.२४ केल्विन. आजूबाजूचं तापमान त्याहून बरंच खाली नसेल तर उष्णताच क्युबिटला वरखाली ढकलत राहील. म्हणून १० ते २० मिलिकेल्विन. या परिपथांच्या मुळाशी असलेल्या कामासाठी क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आणि 'क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो' हे वाक्य विसरा. मोजल्यावर उत्तर एकच मिळतं. कौशल्य आहे ते चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना खोडतील अशी मांडणी करण्यात, आणि ती मोजक्याच गणितांना जमते.

माझं यूपीआय फुटेल का?

आजच्या यंत्रांनी नाही. पीटर शोर यांची १९९४ ची रीत मोठ्या संख्येचे अवयव पाडून आरएसए हे इंटरनेटवर सर्रास वापरलं जाणारं सांकेतिक कुलूप उघडू शकते, पण त्यासाठी चुका सुधारणारे हजारो क्युबिट हवेत आणि ते अजून नाहीत. तयारी मात्र सुरू आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही न उघडणाऱ्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. तुम्ही करायचं ते एवढंच की ॲप अपडेट ठेवा आणि ओटीपी कुणाला सांगू नका. तुमचे पैसे जातील ते फोनवर गोड बोलणाऱ्यामुळे, क्युबिटमुळे नव्हे.

क्वांटम पेंडंट, क्वांटम पाणी, तळहात धरून सगळे रोग सांगणारं यंत्र?

विकणाऱ्याला विचारा: कुठली वारंवारता, किती इलेक्ट्रॉनव्होल्ट, कशाने मोजली? उत्तर येणार नाही. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये अशी काही पेंडंट चक्क किरणोत्सारी असल्याचं सांगून ती घालू नका असा इशारा दिला होता.

बारावीनंतर हे शिकायचं तर गणित किती लागेल आणि कुठे जावं?

पहिल्या वर्षी तीन गोष्टी पक्क्या करा: संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि त्यांची आयगेन मूल्यं, साधी अवकल समीकरणं. दोन पातळ्यांची प्रणाली, म्हणजे ध्रुवकाचाच प्रयोग, दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सने पूर्ण सोडवता येतो, म्हणून श्रोडिंगरच्या समीकरणाआधी तिथून सुरुवात करा. हायड्रोजन अणू सर्वांत शेवटी. बरेच जण उलटा क्रम लावतात आणि विशेष फलांच्या (स्पेशल फंक्शन्सच्या) जंगलात हरवतात.

मुंबईत कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात नेस्ट परीक्षेतून पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संपूर्ण अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. ऑलिंपियाडचा नाद असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या जुन्या प्रायोगिक प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. त्यांतले आलेख आधी हाताने, ग्राफपेपरवर काढा. चुकलेला बिंदू तिथे लगेच डोळ्यात खुपतो, एक्सेल तो निमूटपणे रेषेत बसवून मोकळं होतं.